चौथ्या क्रमांकाचा आवाज

प्रमिलाचा, म्हणजे आपल्या बायकोचा, आवाज तिच्या गाण्यातून गेला आहे, हे पुंडलिक ताथोडांना कळलं तो मंगळवार होता. गाण्यांची यादी मंगळवारी सकाळी अकराला लागायची, म्हणून वार पक्का लक्षात राहिला.

मूर्तिजापूरच्या जुन्या कापड लाइनीत रज्जाकभाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. शिवणकाम केव्हाच बंद पडलं होतं, पण मशीन जागेवर होती आणि तिच्यावर त्या दिवशी पेढ्यांचा खोका ठेवला होता. भोवती सात माणसं बसली होती. त्यातला सगळ्यांत लहान माणूस एकसष्ट वर्षांचा. पुंडलिकराव नऊ आठवड्यांनी गावात आले होते. नागपूरला मुलीकडे राहून त्यांनी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले होते. हरिभाऊंचा फोन आला म्हणून स्टेशनवरून घरी न जाता पिशवीसकट इथेच आले.

"चौथं!" हरिभाऊ इंगोले मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून ओरडले. "आपल्या वहिनीचं गाणं पुऱ्या महाराष्ट्रात चौथं, बाप्पा! रज्जाक, पेढे काढ!"

"पेढे समोरच हायेत. मोतीबिंदू याचा काढला, काढायला पायजे होता तुमचा," रज्जाकभाई म्हणाले.

मग सगळ्यांनी बोटात अंगठी घातली आणि कानामागे ऐकायची टिकली लावली. गाणं हाडातून ऐकू यायचं, बाहेर काही आवाज नाही. सात म्हातारी माणसं एका बंद दुकानात, एकाच वेळी, एकच गाणं ऐकत होती आणि दुकानात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी होती. कमलताई गावंडे डोळे पुसत होत्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि प्रमिलाच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या उशाशी बसल्या होत्या.

पुंडलिकरावांनी डोळे मिटले. पहिली ओळ झाली, 'कडी वाजली दाराची'. त्या ओळीनंतर प्रमिला श्वास घ्यायची. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिला सर्दी होती, श्वास जरा ओढून घ्यावा लागला आणि तो तसाच गाण्यात राहिला. पस्तीस वर्षं त्या जागी तो श्वास होता. आज तिथे काही नव्हतं. दुसरी ओळ सरळ पहिलीला चिकटून आली. आवाज गोड होता, आणि प्रमिलाचा आवाज गोड नव्हता. तो थोडा खरबरीत होता, वरच्या सुरात गेला की किंचित फाटायचा. हा आवाज कुठेही फाटत नव्हता.

त्यांनी टिकली काढली. "ही ती नाही."

"कोण नाही?"

"गाणारी."

हरिभाऊंनी मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर लिहिलं होतं, 'गायिका : प्रमिला ताथोड'.

"वाच. आता तर दिसते ना तुले?"

"नाव तिचं आहे, हरिभाऊ. आवाज नाही."

"नऊ आठवडे आमी राबलो," हरिभाऊंचा आवाज चढला. "रोज तीन टाइम ऐकलं. कमलची शुगर वाढली तरी ऐकलं. अन् तू येऊन सांगते, ही ती नाही?"

बाकीच्यांना खरंच काही वेगळं वाटत नव्हतं. रोज ऐकणाऱ्याला तांदळाच्या दाण्याएवढा फरक कळत नाही. नऊ आठवडे न ऐकलेल्या माणसाला तो एकदम पोत्याएवढा दिसतो. पेढे तसेच राहिले.

इथे मागचं थोडं सांगायला हवं.

पस्तीस वर्षांपूर्वी 'कडी' नावाची एक मालिका संध्याकाळी साडेसातला लागायची. तीन वर्षं चालली. तिचं शीर्षकगीत प्रमिलाने गायलं होतं. अकोल्याच्या एका स्पर्धेला मुंबईचे संगीतकार परीक्षक म्हणून आले होते, त्यांनी तिला बोलावून घेतलं. मालिकेच्या श्रेयनामावलीत तिचं नाव कधी आलं नाही. 'आणि सहकारी' एवढंच यायचं. पुंडलिकराव तेव्हा वीज मंडळात मीटर रीडर होते. दारोदार आकडे उतरवून घरी आले की सायकल लावता लावता त्यांना शेजारच्या चार घरांतून बायकोचा आवाज ऐकू यायचा आणि ती स्वतः स्वयंपाकघरात भाकरी थापत असायची. दुसरं गाणं तिने कुठे गायलं नाही.

त्या मंगळवाराच्या पाच महिने आधी, फेब्रुवारीत, न्यूमोनियाने ती गेली. बारा दिवसांत सगळं आटोपलं. पाहुणे गेल्यावर पुंडलिकराव रोज पहाटे पावणेसहाला चहा ठेवायचे आणि ते गाणं लावायचे. ती त्या वेळी उठायची. गाणं दीड मिनिटाचं होतं. चहा उकळेपर्यंत दोनदा व्हायचं.

आता यादीबद्दल. पूर्वी गाण्यांची क्रमवारी मतांवर ठरायची, नंतर कोणतं गाणं किती वेळा वाजलं यावर. दोन्हींत लबाडी करता यायची. मतं विकत मिळत, आणि यंत्रं लावून ठेवली की गाणी रात्रंदिवस आपोआप वाजत राहत. मग अंगठी आली. माणसाला काही भिडलं की तळहाताला, बोटांना घाम सुटतो. इतका थोडा, की त्याला स्वतःला कळत नाही. पण तेवढ्या ओलाव्याने कातडीतून वीज जरा सहज वाहते. अंगठी ती मोजायची, जोडीला नाडी आणि बोटाचं तापमान. सिनेमा आणि मालिकांच्या प्रत्येक गाण्याला महाराष्ट्रभरच्या लाखो बोटांवर किती झटका बसला, याचा हिशेब व्हायचा आणि मंगळवारी पाचशे गाण्यांची स्पंदन यादी लागायची. कंपनी म्हणायची, अंग खोटं बोलत नाही. गाणी सगळ्यांना फुकट होती, अट एकच. अंगठी बोटात आणि टिकली कानामागे हवी, आणि दोन्हींना एकच नाडी लागायला हवी. नाहीतर गाणं वाजत नसे. उघड्यावर, स्पीकरवर तर नाहीच. घराघरांतल्या जुन्या सीड्यांना बुरशी लागली होती. पुंडलिकरावांकडची एक होती, ती अकोल्याला तीन दुकानांत दाखवून झाली. कुठल्याच यंत्राने ती वाचली नाही.

यादीत एक सोय होती. थोड्याच लोकांनी ऐकलेलं, पण ऐकणाऱ्याला फार जोराचा झटका देणारं गाणं ती मुद्दाम शोधून वर काढायची. एप्रिलच्या एका मंगळवारी 'कडी वाजली' चारशे सत्त्याऐंशीव्या क्रमांकावर लागलं. यादीत आलेल्या गाण्याचा गायक कंपनी शोधून लिहायची, म्हणून खाली पहिल्यांदाच नाव होतं, प्रमिला ताथोड.

ते हरिभाऊंनी पाहिलं आणि पन्नास वर्षांपूर्वीचा मित्रमेळा श्रोता संघ पुन्हा उभा राहिला. रेडिओवर चित्रपटगीतांची क्रमवारी लागायची, त्या काळी हे लोक पोस्टकार्डं लिहीत. एकेका कार्डावर दहा-दहा नावं. घरातली नावं संपली की शेजारच्यांची, ती संपली की न जन्मलेल्या पोरांची. रज्जाकभाईंच्या कुत्र्याचं नाव मोती होतं. तो 'मोतीलाल, मूर्तिजापूर' म्हणून दोन वर्षं रेडिओवर गाजला. आपण सगळ्यांनी मिळून लिहिलं की गाणं वर जातं, ही त्यांची आयुष्यभराची खात्री होती. कार्डाच्या जागी आता अंगठी आली, एवढंच. वहिनीला जिवंतपणी नाव मिळालं नाही, आता मिळवून द्यायचं. दुकानात रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ बैठक बसू लागली. अकोला, शेगाव, अचलपूर, जिथे जिथे जुने श्रोते उरले होते त्यांना फोन गेले. म्हाताऱ्या माणसांना ते गाणं ऐकून आपापलं घर आठवायचं, आपापली गेलेली माणसं आठवायची. झटके मोठे बसायचे. गाणं चढत गेलं. मे महिन्यात ते शंभराच्या आत आलं तेव्हा पुंडलिकराव नागपूरला गेले. तिथे अंगठी काढून ठेवली ती नऊ आठवडे घातली नाही.

शंभराच्या आत आलेल्या गाण्याचं काय होतं, हे संघात कोणालाच माहीत नव्हतं.

पुंडलिकरावांनी कंपनीकडे तक्रार टाकली. उत्तर यायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत त्यांनी ते गाणं रोज दहा-बारा वेळा ऐकलं. वही घेऊन बसायचे. कुठला शब्द तिचा उरलाय, कुठला नाही, खुणा करायचे. 'दाराची' मधला 'रा' तिचा वाटायचा. तीन दिवसांनी तोही जायचा. कधी कधी ते त्या गोड आवाजाला मोठ्याने शिव्या द्यायचे. पुढच्या मंगळवारी गाणं तिसरं आलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी दुसरं.

मग मुंबईहून फोन आला. पडद्यावर तिशीची एक मुलगी होती. देवयानी सरपोतदार, आवृत्ती विभाग.

"काका, तुमची तक्रार बरोबर आहे," ती म्हणाली. "आवाज बदललाय. मूळ आवाजाचा भाग आता अकरा टक्के उरलाय."

"कोणी बदलला?"

"कोणी एकाने नाही." ती समजावून सांगू लागली. सांगण्याची तिला सवय होती, पण घाई नव्हती. शंभराच्या आतल्या गाण्यांची घडाई होते. यंत्र गाण्याचे बारीक फरकाचे शेकडो नमुने करतं. एकात श्वास जरा कमी, एकात सूर जरा गुळगुळीत. वेगवेगळ्या श्रोत्यांना वेगवेगळा नमुना जातो, त्यांना ते कळत नाही. ज्याला झटका जास्त बसला तो ठेवायचा, बाकीचे टाकून द्यायचे. दुसऱ्या दिवशी ठेवलेल्यापासून पुन्हा नमुने. "कपाशीचं बी निवडतात ना, तसं. फक्त इथे दर हंगामाला नाही, दर दिवसाला."

"आणि मूळ बी?"

"ते आहे. पहिली नोंद आम्ही पुसत नाही."

"मग ती लावा. मला राग येतो हो हे ऐकून. मी रोज ऐकतो आणि माझं डोकं फिरतं."

"ते दिसतंय मला, काका. तुमच्या अंगठीचे आकडे समोर आहेत. गाणं चौथ्यावरून दुसऱ्यावर आलं, त्यात तुमचा भाग मोठा आहे."

"मी शिव्या देत होतो."

"अंगठीला घाम कळतो. कशाचा ते नाही कळत."

चौतीस वर्षं पुंडलिकरावांनी मीटर वाचले होते. घरात पूजेचा दिवा लागला की कोणी हीटर लावून विसरून गेलं, मीटरला काही घेणंदेणं नसतं. युनिट पडतं. लोक भांडायचे, आम्ही एवढी वीज वापरलीच नाही म्हणायचे, आणि तेच लोकांना सांगायचे की बाबा, मीटर खोटं बोलत नाही. हेच वाक्य. शब्दसुद्धा तेच.

"अजून एक सांगू का?" देवयानी म्हणाली. "सांगावं की नाही कळत नाही. हे गाणं यादीत आलंच कसं ते मी बघितलं. एप्रिलच्या आधी ते ऐकणारे सगळे मिळून सात-आठ लोक होते. पण एका अंगठीवर एवढा मोठा झटका होता, की यंत्राने गाणं उचललं. मूर्तिजापूर. रोज पहाटे पावणेसहा."

पुंडलिकरावांनी समोरची खुणांची वही मिटली.

"आता करायचं काय?" त्यांनी विचारलं.

"नियमात एक वाट आहे. गाणं सलग चार आठवडे पाचशेच्या बाहेर राहिलं, की घडलेल्या सगळ्या आवृत्त्या पुसल्या जातात. उगीच जागा अडते म्हणून. मग पहिली नोंद आपोआप परत येते. पण परत चढलं तर परत घडाई."

"म्हणजे लोकांनी तिला विसरायला पाहिजे."

"निदान अंगठी घालून आठवायला नको," ती म्हणाली आणि मग तिला स्वतःलाच ते बरं वाटलं नाही. "सॉरी, काका."

दुकानात त्यांनी सगळं सांगितलं. सुरुवात आपल्या पहाटेच्या ऐकण्याने झाली हेही सांगितलं. हरिभाऊ मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होते.

"म्हंजे आमी सगळ्यांनी मिळून वहिनीले पुसलं," ते म्हणाले.

"मी धरून सगळ्यांनी."

"पन्नास वर्षांत गाणं वर चढवाले पत्रं लिवली, पुंडलिक. खाली उतरवाले एक नाई लिवलं. ते कसं करतेत?"

"ऐकायचं नाही. बस. अकोल्याला, शेगावला सांगायचं, ऐकू नका."

"लोक इचारतीन, कायले?"

"सांगा, घरच्यांची इच्छा आहे."

"अजब घर हाय," रज्जाकभाई म्हणाले. त्यांनी आधी स्वतःची अंगठी काढली, मशीनच्या ड्रॉवरमध्ये बटणांच्या डबीत टाकली. मग एकेकाने काढल्या. कमलताईंची निघेना, बोट सुजलेलं होतं. साबण लावून काढली. अचलपूरच्या एका जुन्या श्रोत्याने मात्र फोनवर सुनावलं, "नाव झालं तर डोक्यात हवा गेली का ताथोडांच्या?" त्याने नंतर फोन घेणं बंद केलं.

गाणं उतरू लागलं. नऊ. एकतीस. अठ्ठ्याऐंशी. मग अडकलं. सलग तीन मंगळवार ते ऐंशी-नव्वदच्या मध्ये राहिलं. देवयानीला विचारलं. ती म्हणाली, नागपूरच्या एका भागातून रोज दुपारी साठेक अंगठ्या एकदम लागतात. लहान मुलांच्या आहेत. मुलांची नाडी चटकन उडते.

नागपूर म्हटल्यावर पुंडलिकरावांना पुढचं विचारावं लागलं नाही.

वृंदा त्यांची एकुलती एक मुलगी. ती एका शाळेत शिकवायची, तिचा मुलगा ईशान त्याच शाळेत पहिलीत होता. पुंडलिकराव न कळवता दुपारी शाळेत गेले. शिपायाने हॉल दाखवला. दार उघडलं तर आत साठ पोरं नाचत होती. गाणं नाही, ढोलकी नाही, काही नाही. प्रत्येकाच्या कानामागे टिकली. उघड्या पायांचे आवाज फरशीवर, आणि मधूनच सगळ्यांचे हात एकदम वर जाऊन दाराची कडी वाजवल्यासारखे हलत. ईशान पहिल्या रांगेत होता. आजोबांना पाहून तो नाचता नाचताच मोठ्याने गाऊ लागला. त्याने पहिल्या ओळीनंतर श्वास घेतला नाही. त्या गोड आवाजासारखीच दुसरी ओळ पहिलीला चिकटवली.

वृंदा धावत आली. "बाबा? तुम्ही इथे कसे? सांगायचं तरी. सरप्राइज होतं तुमच्यासाठी." तिच्या हातात स्नेहसंमेलनाची छापलेली पत्रिका होती. "बघा ना. आईचं नाव. मोठ्या अक्षरात."

ते तिला व्हरांड्यात घेऊन आले आणि त्यांनी सांगितलं. फोनवर अर्धंमुर्धं आधी सांगितलंच होतं, तिने ते डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचं काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं.

"आवाज थोडा साफ केला असेल त्यांनी," ती म्हणाली. "जुन्या फोटोंना नाही का रंग देत?"

"वृंदा, ती तुझी आई नाही. तूही ऐकलंयस तिला."

"बाबा, या पोरांना आईचं नाव पाठ झालंय. बाई विचारतात, कोण होत्या या? मी सांगते, माझी आई. पस्तीस वर्षांत तिला एवढं कोणी विचारलं होतं?"

"हा नाच थांबव. माझं एवढं ऐक."

ती सावकाश बोलली, "मुंबईहून दुसऱ्या गाण्याचं बोलावणं आलं होतं. मी दोन वर्षांची होते. तुम्ही काय केलंत?"

"मी तिला नाही म्हटलं नव्हतं."

"नाही म्हटलं नाहीत. तुम्ही फक्त रजेचा अर्ज टाकला नाहीत. मला कोण सांभाळणार, म्हणून ती राहिली. आईने मला सांगितलंय हे. हसत सांगितलं होतं." तिने पत्रिका घडी करून पर्समध्ये टाकली. "ती होती तेव्हा तिचा आवाज तुम्हाला एवढा लागत नव्हता, बाबा. आता गेल्यावर तोच पाहिजे, आणि तोही फक्त तुमच्या कानाला."

त्या वर्षी मार्च अखेर होती, वसुलीचं काम होतं, साहेब रजा देत नव्हते. हे सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही त्यांना त्या व्हरांड्यात सांगता आलं नाही. त्यांनी साहेबांना विचारलंच नव्हतं, हेही खरं होतं.

"थांबव, बेटा," ते पुन्हा म्हणाले.

आत पोरांचे पाय थांबले होते. कोणीतरी "मॅडम, पुन्हा?" म्हणून ओरडत होतं.

आठ दिवसांनी तिचा दोन शब्दांचा निरोप आला, 'बंद केलं.' पोरांना दुसरं गाणं दिलं म्हणे, ते यादीत सहावं होतं. स्नेहसंमेलनाला या, असं तिने म्हटलं नाही. दिवाळीत ईशानचा फोन आला, शेजारी ती होती, पण फोनवर आली नाही.

नाच थांबल्यावर गाणं भराभर उतरलं. दोनशे दहा, चारशे चाळीस, आणि मग एका मंगळवारी ते यादीत सापडलंच नाही. दुकानात सगळे मोबाइलवर बोट फिरवून पाचशे नावं तपासत होते आणि ते नाही म्हणून खूश होत होते. हरिभाऊ म्हणाले, "असा आनंद आपल्याले पयल्यांदाच, बाप्पा." त्या चार आठवड्यांत कोणी तिचं नावही काढत नव्हतं, जसं काही नाव काढल्याने गाणं परत चढेल.

पाचव्या मंगळवारी देवयानीने फोन केला. "काका, पहिली नोंद परत आली. मी कागदावर तपासलंय, ऐकलं नाही. मुद्दाम." मग ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं होतं. तुमच्या अंगठीचे जुने आकडे बघता, तुम्ही पहिल्यासारखं ऐकलंत तर दोन-तीन आठवड्यांत यंत्र ते परत उचलेल. एकदा ऐकलंत तर कदाचित नाही उचलणार. खात्री देता येत नाही."

संघात त्यांनी हे सांगितलं. एक ठराव झाला, तसा कागदावर काही लिहिलं नाही. कोणी ऐकायचं नाही. कमलताई एवढंच म्हणाल्या, "ऐकायचंच नाही, तर परत आणलं कायले?" रज्जाकभाईंनी ड्रॉवर उघडून बटणांच्या डबीतल्या अंगठ्या ज्याच्या त्याला परत दिल्या. त्यांच्याशिवाय दुसरी गाणीही लागत नव्हती आणि म्हाताऱ्या माणसांना दिवस काढायचे होते.

पुंडलिकरावांनी घरी सराव करून पाहिला. अंगठीत काय चाललंय ते मोबाइलवर दिसायचं, एक हिरवी रेघ. त्यांनी एकामागून एक गाणी लावली. लग्नात वाजलेलं, मित्र गेला त्या दिवशी रेडिओवर लागलेलं, तरुणपणी सायकलवर म्हटलेलं. रेघ सपाट राहिली. त्यांना बरं वाटलं. महिनाभर रोज सकाळी ते असं करत होते. चहा ठेवायचा, एखादं गाणं लावायचं, रेघेकडे बघायचं. आता जमतंय, असं एका सकाळी वाटलं. त्यांनी 'कडी वाजली' शोधलं. खाली लिहिलं होतं, 'गायक : उपलब्ध नाही'. घडलेल्या आवृत्त्या पुसताना कंपनीने यादीसाठी जोडलेलं नावही पुसलं गेलं होतं. पहिल्या नोंदीत ते कधी नव्हतंच. त्यांनी बोट त्या ओळीवर नेलं. अजून दाबलं नव्हतं, गाणं सुरू झालं नव्हतं, आणि हिरवी रेघ उभी वर गेली.

त्यांनी बोट काढून घेतलं. चहा उतू गेला होता, शेगडी पुसली.

नाव टाकून घ्यायचा अर्ज करता येतो, पण त्याला वारसांच्या सह्या लागतात, त्यांची आणि वृंदाची. अर्ज भरून तयार आहे. त्यावर त्यांची सही आहे. तिची घेतलेली नाही. गाणं परत येऊन आता पाच महिने झाले. ते त्यांनी अजून ऐकलेलं नाही.